राहूचं शिर आणि सोनईचा निकाल

नेवाशात मोहिनीराजाच्या दर्शनाला पाहुणा आला की आम्ही त्याला राहूची गोष्ट सांगतोच. देवांच्या पंगतीत राहू चोरून बसला, अमृत प्याला, आणि विष्णूने त्याचं मस्तक उडवलं. शिर पडलं राहुरीला, काया कायगावला. मी फौजदारीचा वकील असल्यामुळे मला गोष्टीच्या शेवटात जास्त रस. शिर उडवूनही राहू संपला नाही. एकाचे दोन झाले, आणि ग्रहणं आजही लागतात.

बार रूममध्ये फाशीचा विषय निघाला की आमच्या तालुक्यात सोनईचं नाव येणारच. 1 जानेवारी 2013 रोजी मेहतर समाजातल्या तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करायची आहे, असं सांगून वस्तीवर बोलावलं आणि ठार मारलं. त्यांच्यातल्या एकाचं मराठा घरातल्या मुलीवर प्रेम होतं, एवढाच गुन्हा. प्रेतं टाकीत आणि कोरड्या विहिरीत सापडली. खटला नाशिकला वर्ग झाला. जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम केली. एकजण तोवर मरण पावला होता आणि एकाला निर्दोष सोडलं.

मी फाशीच्या विरोधात बोलतो हे गावात ठाऊक आहे. निकालानंतर एका सफाई कामगाराने मला चहाच्या टपरीवर गाठलं. "वकीलसाहेब, आमच्या पोरांपायी वरच्या जातीतल्यांना फाशी लागली, तेव्हाच बरी तुम्हाला दया आठवते!" मला उत्तर सुचलं नाही, कारण त्याच्या म्हणण्यामागे हजारो वर्षांचा हिशेब होता. मनुस्मृतीत इतर वर्णांना देहान्त सांगितला आहे, तिथे ब्राह्मणाला मुंडण पुरेसं मानलं आहे. दंडही जात बघून द्यायचा, अशी आपली परंपरा. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला सोनईच्या निकालात आपल्या लेकराच्या जिवाचं वजन पहिल्यांदा दुसऱ्याच्या बरोबरीचं दिसलं. फाशीच्या बाजूने याहून वजनदार युक्तिवाद मी ऐकलेला नाही. जरब बसते वगैरे दावे यापुढे फिके आहेत. जातीच्या इभ्रतीसाठी खून करणारा पुढची शिक्षा मोजत बसत नाही.

तरीही माझा विरोध कायम आहे, आणि तो रोजच्या कामातून आला आहे. पंचनामा कसा होतो ते मी पाहिलं आहे. मजकूर ठाण्यात आधीच तयार असतो, आणि समोरच्या टपरीवर बसलेल्या कुणाला तरी बोलावून पंच म्हणून त्याची सही घेतात. उलटतपासणीत विचारलं की तो म्हणतो, "साहेबांनी सही करायला सांगितली, केली." अशा कागदांवर जन्मठेप दिली आणि ती चुकली, तर दुरुस्त करायला माणूस शिल्लक असतो.

नाशिक जिल्ह्यातलंच 2003 मधलं एक प्रकरण घ्या. पाच जणांचे खून झाले आणि भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर ते पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

वारकरी मित्र म्हणतात, गीता तर अर्जुनाला शस्त्र उचलायला सांगते, आणि त्याच गीतेवरची टीका माउलींनी आपल्या गावात खांबाला टेकून सांगितली. खरं आहे. पण अर्जुनासमोर शस्त्र घेतलेली सेना उभी होती. आपल्यासमोर असतो बेड्या घातलेला माणूस. शिवाय एवढा युद्धाचा ग्रंथ सांगून झाल्यावर माउलींनी मागणं मागितलं ते दुष्टाच्या मनातला वाकडेपणा जावा म्हणून. दुष्टच जावा असं ते म्हणाले नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांची वाट वेगळी होती, पण जून 1949 मध्ये संविधान सभेत त्यांनीही देहदंड रद्द करण्याच्याच बाजूने मत मांडलं होतं. अत्याचार काय असतो हे त्यांना आपल्यापेक्षा कमी ठाऊक नव्हतं.

त्या सफाई कामगाराला आज मी सांगेन: तुमच्या लेकराच्या जिवाचं वजन गुन्हेगाराच्या मरणाने ठरवू नका. फिर्याद त्याच दिवशी नोंदवली जाते का, साक्षीदाराला संरक्षण मिळतं का, खटला पाच वर्षं लोंबकळतो की वर्षात संपतो, यावर ते ठरवा. राक्षसी गुन्ह्याला जन्मभराची कैद द्या. सुटकेची सवलत नसलेली जन्मठेप देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे.

कोपर्डीत मराठा घरातल्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या वेळी लाखोंचे मराठा मोर्चे निघाले आणि त्यांत फाशीची मागणी होती. पुढच्या मोर्च्यात जलद खटल्याची आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची मागणी पहिली ठेवा, आणि पीडित आपल्या जातीचा नसला तरी त्या मोर्च्यात या.