सूचींतील नोंद आणि वाचकाचा अधिकार

सूची दोन प्रकारची असते. एक सांगते, ‘अमुक ग्रंथ जगांत आहे’. दुसरी सांगते, ‘तो येथें आहे, मागाल तर मिळेल.’ शंकर गणेश दाते ह्यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली ती पहिल्या प्रकारची. ग्रंथालयांतील सूची दुसऱ्या प्रकारची. दुसरींत नोंद करणें म्हणजे वाचकाला वचन देणेंच होय.

संगणकावरील नियतकालिकांनीं हा भेद पुसट केला आहे. ग्रंथालय तीं विकत घेत नाहीं. बहुधा वाचण्याच्या परवानगीची वार्षिक वर्गणी भरतें. नोंदींत नियतकालिकाचें नांव, त्याचा आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे अंक व कोणाच्या संग्रहांतून, इतकें लिहावें लागतें. परंतु प्रकाशक संग्रहांतून नांवें काढतो, नवीं घालतो. कोठें ताजीं तीन-चार वर्षें राखून ठेवलेलीं असतात. चैत्रांत खरी असलेली नोंद आश्विनांत खोटी ठरते! छापील अंकांची वर्गणी थांबली तरी बांधलेले जुने खंड कपाटांत राहत. वाळवीलाहि ते संपविण्यास वेळ लागे. येथें करारांत तजवीज नसेल, तर वर्गणीबरोबर मागील वर्षेंहि जातात.

शनिवार पेठेंत राहणाऱ्या एखाद्या जिज्ञासूचाच विचार करूं. मुठा ओलांडली कीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. संस्था १९१७ सालची. तिच्या ‘अ‍ॅनल्स’चे अंक आज अमेरिकेंतील जेस्टोर ह्या संग्रहांतहि आहेत. जगाच्या पाठीवर कोठेंहि बसून ते वाचतां यावेत ही गोष्ट आनंदाचीच. मात्र अशा संग्रहांचें पूर्ण दार बहुधा संस्थेच्या नांवानें उघडतें, माणसाच्या नांवानें नव्हे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजनाहि तशीच. तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकें, सहा हजारांहून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था, तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये! ह्या रकमेंत आपल्या जिज्ञासूच्या कराचाहि वांटा आहे; परंतु ज्या सार्वजनिक ग्रंथालयाचा तो सभासद, तें योजनेच्या बाहेर आहे.

मग जें वाचकाला उघडतां येणार नाहीं त्याची नोंद त्याला दाखवावी काय? न दाखविल्यास निराशा टळेल, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. जें आहे हेंच ठाऊक नाहीं, तें मागणार कसें? रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असा नियम सांगितला. त्यांत ‘प्रत्येक’ हा शब्द शोभेसाठीं नाहीं. प्रकाशकालाहि खर्च असतो हें खरें. तथापि लेख लिहिणारे व तपासणारे विद्वान् बहुधा बिनमोबदला राबतात, हेंहि त्या हिशेबांत धरलें पाहिजे.

तेव्हां नोंद असावी, पण पुरी असावी: कोणत्या सालापर्यंत, कोणाला, कोठें बसून. कित्येक करारांत बाहेरच्या माणसालाहि ग्रंथालयांत येऊन तेथील संगणकावर वाचण्याची मुभा असते. नोंदींत मात्र तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. ती एक ओळ लिहावयास ग्रंथपालाला कोणाच्या परवानगीची गरज आहे?