आरशासमोर सांगितलेले



नाताळ आणि लग्नसराई जवळ आली की आपल्या भागातील पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच मुली या व्यवसायात आहेत. दिवसभर उभ्याने काम करून पाय सुजतात, केसांच्या रंगांनी आणि औषधांनी बोटांची सालपटे निघतात. रविवारी सर्वांना सुट्टी म्हणून यांना दुप्पट काम. शनिवारच्या मिस्साला त्या धावतपळत येतात. शेवटच्या बाकावरील या मुलींना ‘फॅशनवाल्या’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एक दिवस त्यांच्या जागी उभे राहावे!

पण आज आम्हांला बोलायचे आहे ते त्यांच्या कानांविषयी. केस कापणारीच्या हाती डोके दिले की मनही मोकळे होते. समोर आरसा असतो, नजर थेट भिडत नाही आणि तासभर उठता येत नाही. सासूचे, सुनेचे, नवऱ्याच्या पिण्याचे, सारे तिथे बाहेर पडते. आम्हां धर्मगुरूंनाही जे सांगवत नाही, तेही तिथे सांगितले जाते. मग या ऐकलेल्या गोष्टीवर हक्क कोणाचा?

२९ एप्रिल २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी इटलीतील केशरचनाकारांना भेट दिली, तेव्हा चुगल्यांच्या मोहापासून दूर राहण्यास त्यांना आवर्जून सांगितले. या मंडळींचे आश्रयदाते संत मार्टिन दी पोरेस हे लिमा शहरात न्हाव्याच्या हाताखाली शिकले. त्या काळी न्हावी केस कापी तसाच जखमाही बांधी.

नीतिशास्त्रात गुपिताचे तीन प्रकार सांगतात: जे उघड केल्याने दुसऱ्याचे मन वा नाव दुखावते ते, जे न सांगण्याचे आपण वचन दिले आहे ते, आणि कामाच्या निमित्ताने विश्वासाने सोपविलेले. पार्लरमध्ये कोणी शपथ घेत नाही, पण पहिला आणि तिसरा प्रकार तिथे लागू पडतोच. ‘मी खोटं थोडंच सांगितलं?’ ही सबब चालत नाही. कारणाशिवाय दुसऱ्याचा खरा दोष चव्हाट्यावर मांडणे हेही पापच आहे.

इथवर सोपे आहे. आता केस बाजूला करताना मानेमागे काळेनिळे वळ दिसतात. ‘बाथरूममध्ये पडले,’ असे उत्तर येते. पुढच्या महिन्यात पुन्हा वळ, आणि मग हलक्या आवाजात खरी गोष्ट, ‘कुणाला सांगू नको हां’ असे बजावून. आता गप्प बसणे म्हणजे विश्वास राखणे काय?

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही कारणासाठी उघड करू शकत नाही. पार्लरमधल्या गुपिताला ती मोहर नाही. व्यवसायात कळलेले गुपित राखलेच पाहिजे, पण ते राखल्याने कोणाचे अतिशय गंभीर नुकसान होणार असेल तर अपवाद होऊ शकतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. गुपित असते ते सांगणारीच्या रक्षणासाठी. त्याच्या आडोशाला मारणाराच सुरक्षित होत असेल, तर आपण नेमके कोणाला सांभाळत आहोत?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २०१७ पासून केशरचनाकारांना घरगुती हिंसाचाराची लक्षणे ओळखण्याचे एक तासाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. तक्रार करण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर नाही. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल जबाबदारी येत नाही.

तरीही तिला न विचारता परस्पर धावणे आम्हांला पटत नाही. घरात तिचे काही चालत नाही. निदान हा निर्णय तरी तिचा असावा. जीव धोक्यात असेल किंवा मुलांना मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाट पाहू नये. एरवी केस धुताना, बाजूला कोणी नसताना इतकेच म्हणावे, ‘ताई, तुम्हाला वाटेल तेव्हा १८१ वर फोन करा, मी सोबत येईन.’ हा नंबर तिच्या तोंडपाठ करून घ्यावा. मोबाईलमध्ये लिहून देऊ नये, कारण मोबाईल नवराही पाहतो.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींनी येत्या शनिवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे. चहाची व्यवस्था केली आहे.