टाके आणि पाऊस

पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याचा सुळका दुरूनच नजरेत भरतो. परंतु बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर वचक ठेवण्यासाठी निजामशाही, पोर्तुगीज, मराठे अशा सत्तांना हव्याशा वाटलेल्या या गडावर शिबंदी तगून राहत असे ती सुळक्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेल्या टाक्यांतील पाण्यावर. वेढा पडल्यावर टाके खोदता येत नाही आणि ते कितीही खोल खोदले, तरी पाणी पावसानेच द्यावे लागते. मोहाला तोंड देण्याच्या बळाविषयीचा ख्रिस्ती विचार या दोन गोष्टींवरून नीट उमगतो.

बायबलच्या मराठी भाषांतरात ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ असे दोन शब्द येत असले, तरी नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. श्रद्धेचा कस लावणारा प्रसंग ही परीक्षा आणि त्याच प्रसंगी आतल्या वासनेने माणसाला ओढून नेणे हा मोह. म्हणून प्रसंगातून काय निष्पन्न होईल, हे मनात आधी काय साठले आहे यावर अवलंबून राहते. मत्तयाच्या शुभवर्तमानात चाळीस दिवसांच्या उपवासाने भुकेलेल्या येशूला सैतान धोंड्यांच्या भाकरी करण्यास सुचवतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सांगतो आणि उंच डोंगरावरून जगातील राज्ये दाखवतो, तेव्हा येशू तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील वचनांनीच उत्तर देतो.

तथापि वचन पाठ असणे म्हणजे केवळ टाके खोदलेले असणे होय. त्यात उतरणाऱ्या पाण्याला ख्रिस्ती परंपरा ‘कृपा’ म्हणते, म्हणजे माणसाने न कमावलेले, देवाने आपणहून दिलेले बळ. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून ख्रिस्ती संन्याशाची वाट धरली, तेव्हा त्यांनी मागे टाकलेली स्थिर मिळकत आणि मानाची जागा यांत पाप असे काहीच नव्हते. चांगल्या गोष्टींना चिकटून राहण्याचा असा मोह ओळखणेही कठीण असते, आणि तो सोडण्याचे धैर्य बावीस वर्षांच्या उपासनेनंतर आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

केवळ स्वतःच्या निग्रहावर विसंबणारा माणूस एकदा घसरला की खचतो. कृपेवर विसंबणारा मात्र पश्चात्तापाने, म्हणजे चूक कबूल करून देवाकडे परत वळून, टाक्यातला गाळ उपसतो आणि पुढच्या पावसासाठी ते उघडे ठेवतो.