मर्जीतला माणूस

"खटला सरकारनं मागे घेतला, विषय संपला," एका पुढाऱ्याच्या खास माणसाबद्दल माझे एक वकील स्नेही परवा म्हणाले. पाऊस थांबला म्हणावं, इतक्या सहज. त्या सहजपणानंच माझं डोकं फिरलं.

सत्ता आली की आपल्या माणसांवरचे खटले सुटतात, हे कुणी नव्यानं सांगायला नको. ते सुटतात कसे, हे मात्र पाहण्यासारखं आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 नुसार (नव्या संहितेत 360) निकालापूर्वी केव्हाही सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीनं खटला मागे घेऊ शकतो. निर्णय वकिलाचा, सरकारनं फार तर सुचवायचं. कागदावर तरी असंच आहे.

बिहारचे जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला घ्या. पाटण्याच्या एका सहकारी बँकेतल्या गैरव्यवहारात बँकेच्या अध्यक्षाला, म्हणजे आपल्याच माणसाला, मुख्यमंत्रिपदाच्या जोरावर वाचवल्याचा आरोप होता. आधीच्या आदेशावर मागची तारीख घालून दुसरा कागद चिकटवला, असंही फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. 1979 मध्ये, जनता राजवटीत, आरोपपत्र दाखल झालं. 1980 मध्ये मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी सरकारी वकिलाला साक्षात्कार झाला की खटला सूडापोटी आहे, टिकणारा नाही आणि चालवणं लोकहिताचंही नाही. माघारीला संमती मिळाली. आरोपीच सरकारचा प्रमुख होता, हे ध्यानात घ्या.

"पण खटला तरी कुठं निर्मळ मनानं भरला होता?" हा माझ्या स्नेह्यांचा हुकमी प्रश्न. तो पोकळ नाही. विरोधकांवर खटले भरण्याची हौस सगळ्याच राजवटींना असते. पण पुरावा नसेल तर आरोपमुक्तीचा अर्ज करता येतो, सूड असेल तर तो न्यायाधीशापुढे उघडा पाडता येतो. मिश्रांना हे दोन्ही रस्ते मोकळे होते. त्यांच्या सरकारच्या वकिलानं तिसराच काढला.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. 1982 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ही माघार दोनास एक मतानं मान्य केली. विरोधी मत आपल्या न्यायमूर्ती तुळजापूरकरांचं. बहुमतातले बहारुल इस्लाम पूर्वी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. निकालानंतर महिनाभरातच त्यांनी राजीनामा दिला आणि बारपेट्यातून काँग्रेसची उमेदवारी घेतली. त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. तारखा तेवढ्या एकाखाली एक लिहून ठेवतो. पुढे 1986 मध्ये घटनापीठानंही तीनास दोन मतांनी माघार कायम ठेवली.

इथं मला माझा जुना भेद आठवतो : निकालानंतरची माफी आणि निकालाआधीची माघार. खुनाच्या खटल्यातल्या नानावटींना 1964 मध्ये राज्यपालांनी माफी दिली, पण त्याआधी सर्वोच्च न्यायालयानं त्यांची शिक्षा कायम केली होती. कुणाला सोडलं, कशाबद्दल सोडलं, कुणाच्या सहीनं सोडलं, सगळं उघड्यावर. लाज वाटायची तर वाटायला जागा होती. माघारीत पुरावाच तपासला जात नाही, म्हणून माणूस निर्दोष होता की वशिल्याचा, हे कायमचं झाकलेलं राहतं.

हे कलमच काढून टाका, असं लिहायला मी बसलो होतो. पण मग पाण्यासाठी रस्ता अडवून वर्षानुवर्षं तारखा खाणाऱ्या शेतकऱ्याचं काय? आंदोलकांवरचे खटले मागे घ्यायचा दरवाजा हाच. तो बंद केला तर पुढाऱ्याची माणसं दुसरी खिडकी शोधतील, शेतकरी मात्र आत राहील. तेव्हा कलम राहू द्यावं, असं आता मला वाटतं. ज्याला सोडायचं तो सत्तेच्या किती जवळ आहे, हे मात्र उच्च न्यायालयानं आधी पाहावं.

ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जवळपास हेच केलं : आजी-माजी खासदार-आमदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. स्नेह्यांना हे सांगितलं, तेव्हा ते हसले. मर्जीतला माणूस आमदार कुठं असतो, म्हणाले. तो ठेकेदार असतो, भाचा असतो, नाहीतर त्या अध्यक्षासारखा एखाद्या बँकेवर बसलेला असतो.