कामकऱ्याची भरपाई : दान की देणे?

जालन्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाजवळ ज्यांची शेते आहेत, त्या वाचकांनी पहाटे एक मनुष्य खांद्यावर हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या ठोकीत एकटाच चाललेला पुष्कळदा पाहिला असेल. त्याच्यामुळे गाडी सुखरूप जाते. पण गाडीतील कोणासही त्याचे नाव ठाऊक नसते. अशा मनुष्याचा कामावर पाय तुटला, तर त्यास मिळणारा पैसा हे कोणाचे दान होय, की कोणाचे देणे?

आपल्या गावांत सहसा म्हणतात की, साहेब दयाळू होता म्हणून एवढे तरी मिळाले. हे बोलणे नम्रतेचे दिसते खरे, परंतु ते अपायकारक आहे. दान घेणाऱ्यास, "एवढेच का?" असे विचारता येत नाही. ऋणको मात्र दारी आलेल्या धनकोस दयाळूपणा सांगू शकत नाही.

सन 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, म्हणून येथे तो पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे गेली. त्याचे तत्त्व असे की, धन्याची चूक सिद्ध करण्याचे ओझे जखमी मनुष्यावर नाही; इजा कामामुळे व काम चालू असता झाली, एवढे पुरे. आणि हे न्याय्यच आहे. रुळाखालचा स्लीपर कुजला तर नव्याची किंमत रेल्वेच्या खर्चात धरतात. मग मोडलेला हात तेवढा त्या गरिबाच्या घरखर्चात का धरावा?

कोणी म्हणेल, त्याचीच चूक असेल तर? दारूच्या अमलात किंवा जाणूनबुजून नियम मोडून इजा झाली, तर कायदा भरपाई नाकारू देतो. परंतु मृत्यू आला अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हीही सबब चालत नाही. हे मला प्रथम धन्यावर अन्यायाचे वाटले. मग विचार केला की, दारू पतीने घेतली होती, विधवेने नव्हे.

रकमेचा हिशेब वय व वेतन पाहून होतो. 3 जानेवारी 2020 पासून जुन्या कायद्यात वेतन महिना 15,000 रुपयांपर्यंतच धरीत. त्या मानाने 40 वर्षांचा मनुष्य मेल्यास 13,81,275 रुपये होत. ही माणसाची किंमत नव्हे; त्याने घरी आणली असती त्या भाकरीचा तो अदमास आहे. आजारही यातून सुटलेले नाहीत: दगडाच्या धुळीने जडणारा फुप्फुसाचा रोग व यंत्रांच्या आवाजाने येणारा बहिरेपणा हे कायद्याच्या यादीत आहेत. मात्र आजार अमुक घटकेस झाला असे दाखविता येत नाही, म्हणून तो सिद्ध करणे फार कठीण जाते.

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सन 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व तेच राहिले. हक्क सोडल्याचा करार रद्दबातल, हा नियमही राहिला. गावात वाचता येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सुतकातल्या घरी कोणी थोडे पैसे देऊन, "आता काही मागणे नाही" अशा कागदावर अंगठा घेतो. त्या अंगठ्याने ऋण फिटत नाही.

याच मार्गावर करमाडजवळ 8 मे 2020 रोजी पहाटे मालगाडीखाली 16 मजूर मेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. टाळेबंदीत काम बंद पडल्याने रुळांवरून चालत घराकडे निघाले होते व थकून तेथेच निजले होते. महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकाच्या कुटुंबास पाच पाच लाख जाहीर केले. ते दानच होते, आणि योग्य होते. नव्या संहितेत कामावर जाता येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसल्यास, कामाचाच धरतात. ज्यांचे कामच बंद पडले होते, त्यांच्या बाबतीत तो संबंध कोठून जोडावा, याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.