ठसा आणि वस्त्र

जयपूरजवळील बगरू गावी छिपा कारागीर हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कापडावर लाकडी ठसे उमटवितात. रेघेचा ठसा निराळा, भरणीचा निराळा. तुरटीचा ठसा आरंभी लाल नसतोच; मंजिष्ठेच्या पाण्यात कापड उकळल्यावरच तो लाली धारण करतो. केवळ ठसा न्याहाळणाऱ्यास लाकूड कळेल, वस्त्र कळणार नाही.

स्मृतीच्या अभ्यासातही असेच दोन मार्ग आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला व १८८५ साली तो प्रसिद्ध केला. उलट, इंग्लंडच्या बार्टलेट यांनी १९३२ साली दाखविले की, मनुष्य ऐकलेली कथा आठवताना ती आपल्या संस्कारांनुसार नव्याने रचतो. पृथक्करण असत्य नव्हे. ते अपुरे आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधजन्य संमोहातून होणारा स्मृतिभ्रंश सांगितला आहे. तो देहाचा रोग नव्हे, विवेकाचा लोप होय. अठराव्या अध्यायात अर्जुनास स्मृती लाभते, म्हणजे स्वधर्माचे भान येते. ही स्मृती तपशिलांची बेरीज नव्हे.

घरातील वृद्ध पिता पुत्राचे नाव विसरतो, तेव्हा हा प्रश्न ग्रंथापुरता राहत नाही. नाव गेले म्हणून पिताच गेला असे मानणे, म्हणजे ठशालाच वस्त्र समजणे होय. काय हरपले ते वैद्याने शोधावे. हा त्याचा धर्म. उरलेल्या पित्यास पूर्ण पिता मानून त्याची सेवा करावी. हा गृहस्थाचा धर्म.