चूल कच्ची की भाजलेली?

भारतीय दर्शनांनी मातीचा दृष्टांत बहुधा कुंभाराच्या दारातून घेतला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समजावतो की मातीचा एक गोळा नीट ओळखला की मातीचे सारे पदार्थ ओळखल्यासारखे होतात, कारण त्यांच्यातले भेद नावापुरते असून खरी ती मातीच. आणि कार्य हे कारणाहून वेगळे नसते, या अद्वैत सिद्धांताला पुढे याच दृष्टांताचा आधार मिळाला. त्याच मातीची, त्याच घरातली चूल मात्र या चर्चेत सहसा येत नाही. घट आव्यातून बाहेर पडला की पुरा होतो, चूल कधीच पुरी होत नाही. ती तडकते, लिंपली जाते, पुन्हा तडकते, आणि हे लिंपण पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती असल्यामुळेच त्यातला प्रश्न ग्रंथकारांच्या नजरेतून सुटला असावा. तो प्रश्न असा की, बाहेरून रोज नवा थर घेणारी आणि आतून रोज भाजली जाणारी वस्तू तीच राहते का, आणि राहत असेल तर कशाच्या बळावर?

धाराशिव जिल्ह्यात हा विचार मातीच्या निवडीपासूनच सुरू करावा लागतो. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेली इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे ती ज्वारीला रब्बीभर ओल पुरवते त्याच गुणामुळे ती भिंतीवर टिकत नाही. लिंपणाला लागते ती पांढरी माती, जिच्यात चिकण कमी आणि बारीक रेव, राख, चुनखडीचे कण अधिक असतात. गावगाड्याच्या भाषेत शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, आणि पांढरीची माती म्हणजे बऱ्याच अंशी आधीच्या घरांच्या पडलेल्या भिंती, चुलींची राख आणि अंगणातला केर यांचीच माती होय. तेरणाकाठचे तेर हे गाव याचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून आलेली ही बाजारपेठ आज पांढरीच्या टेकाडांखाली आहे. अशा मातीने लिंपलेली भिंत पणज्यांच्या भिंतीनेच लिंपलेली असते, म्हणून कारण कोणते आणि कार्य कोणते हा प्रश्न इथे उपनिषदापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होतो.

कालवण्याची रीत साधी दिसते, पण तिच्यातला प्रत्येक घटक दुसऱ्याचा दोष झाकतो. चाळलेल्या मातीत गव्हाचा भुसा आणि शेण घालून ती भिजत ठेवतात, काही दिवस मुरू देतात आणि पायांनी तुडवतात. मुरताना भुसा मऊ पडतो व चिखलाला चिकटपणा येतो. भुशाच्या काड्या वाळताना येणारा ताण वाटून घेतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी न दिसणाऱ्या अनेक बारीक भेगा पडतात, तर शेणातले न पचलेले तंतू थर धरून ठेवतात. चुलीसाठी मिश्रण अधिक बारीक करतात, राख घालतात, आणि वैल (मुख्य चुलीला जोडलेली बाजूची धग) व भानवस (चुलीमागचा कट्टा) यांच्या सांध्यांवर वाळल्यावर दुसरा हात फिरवतात. रोजच्या पातळ लेपाला पोतेरे म्हणतात. ज्या चिंधीने तो देतात तीही पोतेरेच. सिमेंटचा गिलावा इथे कामाचा नाही, कारण त्याची घट्टी ज्या बांधील पाण्यावर उभी असते ते पाणीच धगीने निघून जाते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. मातीचे उलट होते. पाचशे-सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे तिच्या कणांतले बांधील पाणी निघून जाते आणि ती पुन्हा कधीही पाण्यात विरघळत नाही. ती पक्की होते.

याच पक्के होण्यावर, म्हणजे पाकावर, न्याय आणि वैशेषिक या दोन सख्ख्या दर्शनांचा जुना वाद आहे. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार (पीलु म्हणजे परमाणू) अग्नीच्या संयोगाने कच्चा घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, रंग परमाणूंत पालटतो आणि त्यांपासून नवा घट जुळतो. नैयायिकांच्या पिठरपाकवादानुसार (पिठर म्हणजे मडके) घट अखंड राहून त्याचाच रंग पालटतो, नाहीतर भट्टीतला घट तोच असल्याचे कुणालाही म्हणता आले नसते. चुलीपुढे हे दोन्ही पक्ष अडचणीत येतात. तिची आतली बाजू वीट होते, बाहेरची कच्चीच राहते, आणि मधला थर धड इकडचा नसतो की तिकडचा. नैयायिकांचे म्हणणे चुलीला अधिक जवळचे आहे हे खरे, पण चुलीचे एकत्व तिच्या द्रव्यात शोधण्यापेक्षा तिच्यावर फिरणाऱ्या हातात शोधणे अधिक योग्य ठरते.

तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेत कच्च्या-पक्क्याचा हाच भेद साधनेला लावला आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरा कुंभार संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहतात आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवतात. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे जातात. या कथेत पक्के होणे ही एकदाची गोष्ट आहे. धर्मशास्त्रातील शुद्धीची कल्पना मात्र चुलीसारखी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमी शुद्ध करण्याचे झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि गाई बसवणे असे पाच उपाय सांगितले आहेत, आणि त्यांतला एकही कायमचा नाही. शुद्धी ही इथे वस्तूची अवस्था नसून वारंवार करायचे काम आहे. (ज्यांनी ते केले त्यांनाच विटाळाच्या दिवसांत चुलीपासून दूर बसवले गेले, ही विसंगती त्या शास्त्राला सोडवता आलेली नाही.)

लेपाला भिंतीच्या आतले काही बदलता येत नाही, हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दाखवून दिले. दगडमातीच्या दोन फुटांहून जाड भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना सांधणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते, वर माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर अंथरलेल्या मातीच्या छताचे, प्रचंड ओझे होते, आणि नीट सारवलेल्या पृष्ठभागामागे हे सारे अदृश्य होते. हजारो माणसे त्याखाली गेली. त्यानंतर दोष सरसकट मातीला दिला गेला, जो खरे तर सांध्यांचा आणि वजनाचा होता. तरीही लेप दिसण्याची काळजी घेतो आणि असण्याची घेत नाही, हा वेदांतातल्या आवरणासारखा आक्षेप त्या भिंतींपुरता टाळता येत नाही. चुलीला तो लागू पडत नाही, कारण तिच्यात लेप आणि अंग वेगळे काढता येत नाहीत.

पुनर्वसनात गावे नव्या जागी गेली आणि जुनी गावठाणे ओस पडली. सोडून दिलेल्या घरांच्या भिंती पावसाळ्यामागून पावसाळ्यात विरघळून पांढरीत मिसळतात, चुलीची आतली बाजू तेवढी विरघळत नाही. उत्खननात घराची जमीन सापडली की तिच्यावरची चूल ओळखू येते ती अशाच लालसर, भाजलेल्या मातीच्या अर्धगोल कडेवरून, जिच्या बाहेरच्या अंगाला लेपांचे थर एकावर एक मोजता येतात.